तरतमभावाचा तंटा

इंग्रजी विशेषणाला तुलनेच्या दोन पायऱ्या चढवताना कोठे शेवटी प्रत्यय जोडावा आणि कोठे आधी स्वतंत्र शब्द ठेवावा, या प्रश्नावर दोन शहाण्यासुरत्या माणसांनी अख्खी संध्याकाळ हुज्जत घालावी, हे ज्यांनी ती भाषा कधी कोणाला शिकवली नाही त्यांना चमत्कारिक वाटेल. परंतु ही हुज्जत ज्या मानेसरात झाली ते ठिकाण पाहिलेल्या माणसाला तिचे फारसे नवल वाटणार नाही. दिल्लीहून जयपूरकडे निघालेल्या महामार्गाला लागून, अरवलीच्या खुरट्या टेकड्यांच्या आसऱ्याने वसवलेल्या या औद्योगिक नगरात मारुती-सुझुकीचा कारखाना आहे, होंडाच्या दुचाकींचा आहे, वाहनांची कसोटी घेणारी 'आयकॅट' ही संस्था आहे, आणि त्यांच्या भोवताली सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची दाट वस्ती आहे. तेथे एकाच छपराखाली हरियाणवी, भोजपुरी, मराठी आणि जपानी माणसे काम करतात, आणि हुद्द्याचे काम निघाले की ती एकमेकांशी ज्या इंग्रजीत बोलतात ते इंग्रजी त्यांपैकी कोणाच्याही आईचे नसते.

या खटल्यातले वादी म्हणजे आमच्या शेजाऱ्यांचे मामा. सातारा जिल्ह्यातील एका हायस्कुलात उभी हयात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ हवापालटासाठी म्हणून भाच्याकडे आले होते. (मानेसरची हवा पालट म्हणून घ्यावी, असा सल्ला त्यांना कोणी दिला ते समजले नाही.) प्रतिवादी तो भाचाच, अशाच एका कारखान्यात गुणवत्ता-तपासणीच्या खात्यात अधिकारी. मला वाटले होते की नियमाची बाजू मास्तर घेतील आणि कानाची बाजू तरुण माणूस घेईल. झाले ते नेमके उलटे.

भाचा : मामा, माझे म्हणणे सरळ आहे. 'टॉल'ला 'टॉलर', 'ब्यूटिफुल'ला 'मोअर ब्यूटिफुल', 'गुड'ला 'बेटर', हा तीन तऱ्हांचा पसारा कशाला? सरसकट सगळ्यांना 'मोअर' आणि 'मोस्ट' लावून टाका. एक नियम, अपवाद शून्य. 'मोअर बिग', 'मोस्ट बिग'. ऐकणाऱ्याला अर्थ कळला की काम झाले.

मामा : आणि ही सुधारणा इंग्रजांनी करायची, का तू फर्मान काढणार?

भाचा : आम्ही ती केव्हाच केली आहे, फक्त तुम्ही तिला चूक म्हणता. आमच्याकडे 'मोअर बेटर', 'मोअर थिकर' हे रोज ऐकू येते, आणि ते नुसते आपलेच लोक बोलतात असे नाही. जपानी साहेबही तसेच बोलतात. मी त्यांची भाषा थोडी शिकलो तेव्हा कारण समजले. जपानीत तुलना करताना विशेषणाला कोणी हातच लावत नाही. ज्याच्याशी तुलना करायची त्याच्यामागे 'योरी' लावायचे, आणि सर्वांत वरचे सांगायचे असेल तर आधी 'इचिबान' म्हणायचे, की संपले. हिंदीत 'से' आणि 'सबसे'. आपल्याकडे 'पेक्षा' आणि 'सर्वांत'. म्हणजे मानेसरातल्या सगळ्या भाषा एका बाजूला आणि इंग्रजी एकटी दुसऱ्या बाजूला.

येथे मामा क्षणभर थांबले. मुद्दा त्यांना आवडला होता, हे उघड दिसत होते.

मामा : हे तू खरे सांगितलेस, आणि माझ्या वर्गातल्या निम्म्या चुकांचे मूळही तेच. 'हा खांब त्या खांबापेक्षा उंच आहे' या वाक्यात 'उंच' जसाच्या तसा राहतो, सगळा भार 'पेक्षा' वाहतो. म्हणून आमचे पोर पाचवीत पहिल्यांदा इंग्रजीच्या वाटेला गेले की 'ही इज टॉल दॅन मी' असे लिहायचे. त्याच्या मते 'दॅन' म्हणजे 'पेक्षा'. 'पेक्षा' आले म्हणजे तुलना झाली. आता 'टॉल'ला आणखी काय चिकटवायचे? वर्षभर लाल शाईने झोडपल्यावर त्याला एवढेच उमगायचे की विशेषणालाही काहीतरी करावे लागते, आणि मग ते जे जे करता येईल ते सगळे एकदम करायचे. 'मोअर टॉलर' हे त्या भीतीचे अपत्य आहे.

भाचा : म्हणूनच म्हणतो, भीती काढून टाका. परवाची गोष्ट सांगतो. रंगखात्यात एका पत्र्यावर रंगाचा थर जाड बसला होता. पाहणी करणाऱ्या साहेबांनी नव्या पोराला सांगितले, 'थिनर कोट, प्लीज.' पोरगा धावत गेला आणि थिनरचा डबा घेऊन आला! त्याचे काय चुकले? रंगखात्यात थिनर म्हणजे रंग पातळ करण्याचे द्रावण. दुसरा अर्थ त्याने ऐकलेलाच नव्हता. साहेब 'मोअर थिन' म्हणाले असते तर हा घोटाळा झालाच नसता.

मामा : झाला असता. 'मोअर थिन' ऐकून त्याने दोन डबे आणले असते.

या उत्तराने भाचा हसला खरा, पण मामा मात्र गंभीर झाले, कारण मास्तराला विनोदापाठोपाठ स्पष्टीकरण देण्याची जी सवय जडते ती निवृत्तीने सुटत नाही. इंग्रजीत 'अर' हा उच्चार दोन निरनिराळ्या प्रत्ययांचा आहे, असे ते म्हणाले; 'पेंटर', 'ड्रायव्हर', डब्यातला 'थिनर' यांतला 'अर' कर्त्याचा, आणि 'थिनर कोट' यातला 'अर' तुलनेचा. दोघांचे कूळ वेगळे आहे. कर्त्याचा जो आहे तो क्रियापदाच्या घरी राहतो. तुलनेचा विशेषणाच्या, आणि हा दुसरा प्रत्यय अत्यंत प्राचीन आहे.

मामा : किती प्राचीन, ते तुला संस्कृतातून दाखवतो. 'स्वादु' म्हणजे गोड. त्याहून गोड ते 'स्वादीयस्', सर्वांत गोड ते 'स्वादिष्ठ'. आता इंग्रजी घे : 'स्वीट, स्वीटर, स्वीटेस्ट'. ही योगायोगाची जुळणी नव्हे. 'स्वादु' आणि 'स्वीट' हे एकाच मूळ शब्दाचे वंशज, 'ईयस्' आणि 'अर' सख्खे भाऊबंद, 'इष्ठ' आणि 'एस्ट' तर चेहऱ्यानेच ओळखू येतात. विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्याच्या सभेत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे नाते बोलून दाखवले, त्या विचाराचा पुढे जो विस्तार झाला त्यातले हे एक ठसठशीत प्रमाण आहे. 'योरी'शी आणि 'पेक्षा'शी इंग्रजीचे जमत नाही म्हणतोस. पण आपल्या आजीशी तिचे पक्के जमते.

भाचा : आजीशी जमते, पण नातवाशी नाही ना! मराठीने तो प्रत्यय ठेवला का? तुम्हीच आम्हांला शिकवले आहे की 'पेक्षा' हा 'अपेक्षा'तून आला. म्हणजे मराठीने संस्कृतचे 'ईयस्' टाकले, 'इष्ठ' टाकले, 'तर-तम' पोथीपुरते ठेवले, आणि सगळ्या विशेषणांना एकच 'पेक्षा' दिला. कोणी हवे तर 'हून' वापरावे. मी इंग्रजीला जे करायला सांगतो आहे ते मराठीने शेकडो वर्षांपूर्वी करून दाखवले. मराठीचे त्यात काही बिघडले का?

हा टोला वर्मी बसला, असे मला वाटले, आणि आजही वाटते. भाषेने जुनी प्रत्ययव्यवस्था मोडून सुटे शब्द वापरायला लागणे हा अधःपात असेल, तर मराठी इंग्रजीच्या कितीतरी पुढे गेलेली अधःपतित भाषा ठरेल. आणि ते तर कोणी मराठी माणूस, निदान मराठी माणसांच्या घोळक्यात, मान्य करणार नाही. मामांनी टोला नाकारला नाही. त्यांनी वेगळी वाट धरली.

मामा : टाकले म्हणतोस, पण नीट बघ. व्यवस्था टाकली, माणसे ठेवली. 'श्रेष्ठ', 'ज्येष्ठ', 'कनिष्ठ', 'वरिष्ठ' हे सगळे 'इष्ठ'वाले आहेत. 'कनिष्ठ अभियंता' म्हणून सरकारी नोकरी असते, 'वरिष्ठ लिपिक' असतो, 'ज्येष्ठ नागरिक' म्हणून मला बसमध्ये सवलत मिळते. यांतला प्रत्येकजण व्युत्पत्तीने सर्वांत वरचा नाहीतर सर्वांत खालचा. पण कचेरीत शंभर वरिष्ठ लिपिक सुखाने नांदतात. पद झिजून नुसते नाव उरले. आणि झिजले म्हणून मग लोक 'श्रेष्ठतम' म्हणू लागले, 'सर्वश्रेष्ठ' म्हणू लागले.

भाचा : म्हणजे 'मोअर बेटर'च की!

मामा : तंतोतंत. आणि इंग्रजही त्यातून सुटलेला नाही. 'निअर' हा शब्द मुळात 'नाय' म्हणजे जवळ, याचाच 'अधिक जवळ' असा तरभाव होता. 'नेक्स्ट' हा त्याचा तमभाव. पुढे 'निअर'मधला तरभाव लोक विसरले आणि त्यावर पुन्हा 'निअरर' बांधला. 'लेस' असताना 'लेसर' केला. शेक्सपिअरने 'ज्युलियस सीझर' नाटकात अँटनीच्या तोंडी, ब्रूटसच्या वाराबद्दल, 'मोस्ट' आणि 'एस्ट' दोन्ही एकाच विशेषणाला लावले आहेत, आणि तेथे ते शोभतातही. असल्या दुहेरी रूपांवर बहिष्कार घातला तो अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी. 1762 मध्ये रॉबर्ट लाउथ यांचे व्याकरण निघाले, ते पुढे लंडनचे बिशप झाले, आणि धर्माधिकाऱ्याची जरब व्याकरणालाही आली.

भाचा : मग माझ्या पोरांना तुम्ही चूक कसे म्हणता? शेक्सपिअरला माफ आणि रंगखात्यातल्या पोराला दंड?

मामा : शेक्सपिअरने परीक्षा दिली नव्हती.

परीक्षेचा उल्लेख निघाला आणि घरातली चौथीतली मुलगी आपली वही घेऊन पुढे आली, कारण तिच्याही मनात एक तक्रार खदखदत होती. वहीत 'क्लेव्हर' या शब्दासमोर तिने 'क्लेव्हरर, क्लेव्हरेस्ट' असे व्यवस्थित लिहिले होते. शाळेत त्यावर तांबडी फुली पडून वर 'मोअर क्लेव्हर, मोस्ट क्लेव्हर' अशी दुरुस्ती आली होती आणि गुण कापला गेला होता. भाच्याने वही पाहिली आणि विजयी मुद्रेने मामांपुढे धरली : शाळासुद्धा 'मोअर'च्या बाजूने. मामांनी चष्मा लावला, वही उलटसुलट केली आणि निकाल दिला की दोन्ही बरोबर आहेत, फुली मात्र चूक आहे. त्यानंतर ते जे बोलले ते मी शक्य तितके त्यांच्याच क्रमाने देतो, कारण एवढ्या नेटकेपणाने ही गोष्ट मला शाळेत कोणी सांगितली नव्हती.

मामा : हे बघ, सीमा कोठे पडते ते अर्थ ठरवत नाही, जीभ ठरवते. एका दमात उच्चारला जाणारा शब्द 'अर-एस्ट' घेतो : 'टॉल', 'शॉर्ट', 'कोल्ड', 'क्लीन'. तीन किंवा अधिक अवयवांचा शब्द आधीच लांब; त्याला आणखी शेपूट लावले तर तोल जातो, म्हणून तेथे 'मोअर-मोस्ट' : 'एक्स्पेन्सिव्ह', 'डिफिकल्ट'. खरी वादग्रस्त जमीन म्हणजे दोन अवयवांचे शब्द. त्यांतही 'वाय'ने संपणारे निमूट 'अर'कडे जातात : 'हॅपी, हॅपिअर', वाय जाऊन आय येतो एवढेच. 'सिम्पल', 'नॅरो' हेही तिकडचेच. 'फुल', 'लेस', 'इंग', 'अस' असल्या शेवटांचे 'मोअर'कडे : 'केअरफुल', 'फेमस'. उरलेले 'क्लेव्हर', 'क्वाएट', 'कॉमन', 'पोलाइट', यांना दोन्ही दारे उघडी. जेन ऑस्टिनच्या पात्रांना 'हँडसमर' म्हणताना काही वाटत नसे; आजचा इंग्रज 'मोअर हँडसम' म्हणेल. म्हणजे सीमा सरकते आहे, आणि तुझ्या बाजूला सरकते आहे, हे कबूल. पण 'बिग', 'हॉट', 'थिन' हे शब्द तिने आजवर 'मोअर'च्या हवाली केलेले नाहीत, आणि तशी चिन्हेही दिसत नाहीत.

मुलीने विचारले की 'बिगर'मध्ये जी दोनदा का लिहायचा, आणि भाच्याने 'पाठ कर' असे सांगण्याच्या आत मामांनी कागद ओढला. एका खाली एक त्यांनी दोन शब्द लिहिले : 'थिन' आणि 'फाइन'. 'फाइन'च्या शेवटी न बोलणारा ई आहे. तो आधीच्या आयला दीर्घ, म्हणजे 'आय' असा, बोलायला लावतो. आता 'थिन'ला सरळ 'अर' जोडला, तर त्या 'अर'मधला ई तीच कामगिरी बजावू लागेल आणि वाचणारा 'थाइनर' वाचेल. म्हणून मध्ये आणखी एक एन पहाऱ्याला उभा करायचा. 'हॉट'चा टी, 'बिग'चा जी, 'वेट'चा टी, सगळे त्याच कारणाने दुहेरी. 'थिक'च्या शेवटी सी आणि के असे दोघे आधीच आहेत, तेथे तिसऱ्याची गरज नाही. 'क्लीन'मधला स्वर मुळातच दीर्घ, तेथे धोकाच नाही. मुलीने ताबडतोब 'सॅड' आणि 'वाइड' यांची रूपे बरोबर लिहून दाखवली. भाचा हे सगळे मन लावून पाहत होता.

भाचा : हे मात्र मला पटले. हा नियम आहे, याला कारण आहे, हा मी कोणालाही समजावीन. पण 'गुड, बेटर, बेस्ट'? 'बॅड, वर्स'? 'फार, फर्दर'? त्याला काय कारण? आमच्या खात्यात जे मापात बसत नाही ते आम्ही बाजूला काढतो.

मामा : बाजूला काढलेस तर बोलायला उरेल काय? अपवाद म्हणून पुस्तकाच्या शेवटी ज्यांची यादी देतात, ते शब्द कोणते आहेत ते बघ : चांगले, वाईट, दूर, थोडे, पुष्कळ, म्हातारे. माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत ज्यांच्यावाचून तोंड उघडू शकत नाही, तेच. ही जुन्या सनदेची वतने आहेत, लेका. नवी जमाबंदी आली तेव्हा जी जमीन पडीक होती ती खालसा झाली. ज्यांची वहिवाट रोजची होती त्यांना कोणी हलवू शकले नाही. जुन्या इंग्रजीत 'स्ट्राँग'चा स्वर तुलनेत बदलून 'स्ट्रेंग्रा' व्हायचा, 'लाँग'चा 'लेंग्रा'. ती वतने गेली, आता 'स्ट्राँगर', 'लाँगर'. 'ओल्ड'चे अर्धे गेले : बाहेर 'ओल्डर', पण घरात भावाबहिणींपुरता 'एल्डर' टिकला, जसे आपल्याकडे थोरले-धाकटे. म्हणून 'एल्डर'पुढे 'दॅन' चालत नाही, हे तुमच्या कचेरीत कोणालाच माहीत नसते.

भाचा : पण 'गुड'मधून 'बेटर' निघतोच कसा? एकही अक्षर सारखे नाही.

मामा : निघत नाही. दोन वेगळे शब्द एका संसारात आले आहेत. आणि हे इंग्रजांचे अजागळपण समजू नकोस. 'श्रेष्ठ' कशाचा तमभाव? पाणिनी सांगतो, 'प्रशस्य'चा. आणि 'प्रशस्य'च्या जागी 'श्र' असा आदेश करून तो रूप सिद्ध करतो. 'ज्येष्ठ' हा 'वृद्ध'चा, 'कनिष्ठ' हा 'युवन्'चा किंवा 'अल्प'चा, 'नेदिष्ठ' हा 'अन्तिक'चा. सारखे अक्षर दाखव बरे! पण ज्याच्याइतका काटेकोर माणूस तुमच्या सगळ्या तपासणी-खात्यांत मिळून सापडणार नाही, त्याने या शब्दांना बाहेर काढले नाही. त्यांच्यासाठी स्वतंत्र सूत्रे केली. आणखी एक : 'ईयस्-इष्ठ' फक्त गुणवाचक शब्दांना आणि 'तर-तम' बाकीच्यांनाही, असे दोन मार्ग त्यानेही ठेवले आहेत. तुला जो इंग्रजीचा पसारा वाटतो तो अष्टाध्यायीत आहे.

यावर भाच्याने पाणिनीला हरकत घेतली नाही. ती सोय कोणालाच नसते. पण त्याने आपली बाजू सोडलीही नाही. पाणिनीने जे लिहिले ते ज्यांची ती भाषा होती त्यांच्यासाठी, असे त्याचे म्हणणे. पंचविशीत बिहारहून आलेल्या, दोन पाळ्यांत काम करणाऱ्या मुलाला 'श्र' आदेशाचे काय? महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले, त्याआधीची आमची पिढी पाचवीत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या सावलीत आणि पुढे रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणावर वाढली, आणि तरीही मुलाखतीला बसल्यावर घाबरून 'मोअर बेटर' म्हणाली; तेव्हा दोष पोरांचा की रचनेचा? (रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यातले अधिकारी, आणि परदेशी पलटणीच्या साहसकथेवरची 'बो जेस्ट' ही 1924 ची गाजलेली कादंबरी त्यांचीच. ज्याने इतके रोमहर्षक लिहिले त्याने विशेषणांच्या तक्त्यांत एवढा रखरखाट कसा ठेवला, हे मला न उलगडलेले कोडे आहे.)

माझे मत विचाराल तर भाच्याचा रोग बरोबर आहे आणि औषध चुकीचे आहे. सगळ्या विशेषणांना 'मोअर' लावणारा माणूस समजतो, यात शंका नाही. पण समोरचा त्याचे म्हणणे समजून घेतानाच त्याची पायरीही ठरवून टाकतो, आणि नोकरीच्या बाजारात ती पायरी महागात पडते. चूक मामांच्या पेशाचीही आहे. जे शब्द पहिल्या दिवशी लागतात ते त्यांनी 'अपवाद' या मथळ्याखाली शेवटच्या पानावर ढकलले, आणि 'टॉल, टॉलर'च्या लांबलचक तक्त्यांत मुलांचा उत्साह संपल्यावर त्यांची गाठ घालून दिली. मी हे बोललो तेव्हा मामा रागावतील असे वाटले होते. त्यांनी फक्त विचारले, 'मग तुमचा तक्ता कसा असेल?'

भाच्याने संधी साधली. कारखान्यात नव्या मुलांसाठी प्रशिक्षणाची खोली आहे. तेथे भिंतीवर लावायला दहा शब्दांचा तक्ता मामांनीच करून द्यावा, अट एकच, की रोज कामाला येणारे दहाच शब्द, अकरावा नाही. मामा बराच वेळ घासाघीस करत होते. 'एक्स्पेन्सिव्ह' घ्यावा की नाही यावर दोघांचे पुन्हा वाजले. भाच्याच्या मते तो खरेदी खात्याचा शब्द, तपासणीचा नव्हे. 'थिक' आणि 'थिन' बिनविरोध आले, 'टाइट' आणि 'लूज' आले, 'स्मूद' आणि 'रफ' आले, 'हॉट' दुहेरी टीसाठी घ्यावाच लागला. पहिल्या ओळीत 'गुड, बेटर, बेस्ट' असणार हे मी गृहीत धरले होते. मामांनी लेखणी टेकवलीही होती, तेव्हा भाचा म्हणाला, 'मामा, आमच्या खात्यात चांगल्या मालाबद्दल कोणी काही लिहीत नाही. आधी बॅड, वर्स, वर्स्ट लिहा.'